शेल स्क्रिप्टमध्ये युजरच्या उत्तरासाठी थांबणं

चालू स्क्रिप्ट (शेल म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम, त्यासाठी फाईलमध्ये लिहून ठेवलेल्या कमांड) मधेच थांबवायची आणि समोरचा माणूस काही टाईप करेपर्यंत किंवा नुसतं एंटर दाबेपर्यंत वाट बघायची, यासाठी लिनक्स-युनिक्सवर रीड ही कमांड आहे. स्लीप वेगळं, ते ठरलेले सेकंद झाले की पुढे निघतं, माणूस समोर आहे की चहाला गेलाय याच्याशी त्याचा संबंध नाही. विंडोजच्या बॅच फाईलमध्ये साधं थांबायला पॉज असतं. रीड जुनंच, 1979 सालच्या बोर्न शेलमध्येही होतं.

बॅश या लिनक्सवरच्या नेहमीच्या शेलमध्ये रीडला ऑप्शन भरपूर. मायनस पी दिलं की आधी प्रश्न छापतं, मायनस एस दिलं की टाईप केलेलं दिसत नाही म्हणून पासवर्डला बरं, मायनस टी 10 म्हणजे 10 सेकंद बघून सोडून द्यायचं, आणि मायनस एन 1 असेल तर एक अक्षर दाबलं की झालं, एंटर लागत नाही. एरवी लागतं, कारण ओळ पूर्ण होईपर्यंत टर्मिनल प्रोग्रामला काही देतच नाही. पण पहिल्या ओळीत बॅशऐवजी एसएच लिहिलंत तर उबंटूवर डॅश नावाचं शेल चालतं आणि त्यात एस, टी, एन यातलं काही नाही, सरळ एरर.

खरी काळजी घ्यायची ती समोर माणूसच नसेल तेव्हाची. इंदूरला रामबागेत एका दुकानासाठी मी बॅकअपची स्क्रिप्ट लिहिली होती, 'डिस्क लावून एंटर दाबा' म्हणून थांबायची, रोज छान चालायची. मग मीच ती रात्री क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) टाकली. क्रॉनला कीबोर्ड नसतो, रीडला लगेच इनपुट संपल्याचं कळतं, ते थांबतच नाही आणि स्क्रिप्ट पुढे जाते. बाहेरची डिस्क लावलेलीच नव्हती, सगळा डेटा ती डिस्क जिथे जोडली जाते त्या मशीनवरच्याच रिकाम्या फोल्डरमध्ये कॉपी होत राहिला आणि सकाळी मशीनची स्वतःची डिस्क फुल. म्हणून रीडचा रिटर्न कोड, म्हणजे काम झालं की नाही हे सांगणारा आकडा, बघायचाच (शून्य म्हणजे ठीक, इनपुट संपलं तर शून्य येत नाही), आणि डिस्क खरंच लागली आहे का हे माऊंटपॉइंट कमांडने वेगळं तपासायचं.

नंतर एंटरऐवजी प्रश्न टाकला, 'डिस्क लावली का?', आणि उत्तरात फक्त वाय धरला. दुकानातल्या काकांनी 'हां' टाईप केलं आणि स्क्रिप्ट बंद पडली. आपल्याकडे इंदुरात घरी मराठी बोलत असलो तरी होकार हां असाच निघतो. आता केसमध्ये (उत्तर कुठलं आलं ते बघून वाट ठरवणारी रचना) वाय, हो, हां तिन्ही घेतो, बाकी काहीही आलं, रिकामं एंटरसुद्धा, की नाही समजायचं.

अजून एक अडचण फार जणांना येते. व्हाईल लूप (तेच काम परत परत करणारा भाग) रीडनेच फाईलमधून एकेक ओळ वाचत असेल आणि आत दुसरं रीड टाकलं, तर ते माणसाची वाट न बघता फाईलचीच पुढची ओळ खाऊन टाकतं. तिथे आतल्या रीडला इनपुट डेव्ह टीटीवायमधून, म्हणजे थेट टर्मिनलमधून, द्यायचं, म्हणजे ते कीबोर्डकडेच बघतं.