लेकराचा कान दुखतो: ‘आत्ताच’ की ‘सकाळी’?

डिसेंबरातली रात्र होती. नागपूरचा पारा दहाच्या खाली उतरलेला. साडेअकराला नंदनवनातून वहिनीचा फोन आला. “ताई, छकुली दोन तासांपासून रडून राहिली. सारखा कान धरते. चार दिवसांपासून सर्दी होतीच. आत्ताच नेऊ का सकाळी?” मागून आजीचा आवाज येत होता, “अवं, पळीत लसूण टाकून तेल कोमट केलं मी, दोन थेंब सोडू दे.” आणि दादा चपला घालत होता. मागच्या वेळी दिलेली अँटिबायोटिकची बाटली कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणतो म्हणाला.

बाहेरच्यांना सांगायला हवं, की नागपुरात ‘मेडिकल’ म्हणजे औषधांचं दुकानही आणि १९४७ साली सुरू झालेलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही. ‘मेडिकलमधून आण’ आणि ‘मेडिकलला ने’ यांत जेवढं अंतर आहे, तेवढंच त्या रात्री वहिनीच्या प्रश्नात होतं. आजीचं तेल, दादाची बाटली आणि वहिनीचं ‘थांबू का’ ही तिन्ही उत्तरं वेगवेगळ्या काळात जन्मली आहेत. आपल्या घरांत मात्र ती एकाच रात्री समोरासमोर येतात. ती कुठून आली हे कळलं, तर ठरवणं जरा सोपं जातं.

आधी दुखतं का ते पाहू. कानाच्या पडद्यामागे हवेची लहानशी पोकळी असते, तो मधला कान. तिथून नाकाच्या मागच्या बाजूला, घशाकडे एक नळी उतरते. सोळाव्या शतकात इटलीतल्या बार्तोलोमेओ युस्टाकीने तिचं नीट वर्णन केलं आणि १७०४ साली वाल्साल्वाने तिला त्याचं नाव दिलं. मोठ्या माणसाची ही नळी साधारण ३६ मिलिमीटर लांब आणि चांगली उतरती असते. तान्ह्या बाळाची जेमतेम निम्मी, जवळजवळ आडवी. सर्दीत तिचं तोंड सुजून बंद झालं की पोकळीत पाणी साचतं, नाकाघशातले जंतू त्यात वाढतात, पडदा फुगतो आणि ठणका लागतो. आडवं झोपवलं की ठणका वाढतो. म्हणून हे दुखणं बहुतेक वेळा दवाखाने बंद झाल्यावरच उठतं. मूल सहा-सात वर्षांचं होईपर्यंत नळी लांबते, कलते, आणि त्रास आपोआप कमी होत जातो.

आजीचं तेल फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग मोजले आहेत. त्यात कर्णशूल वेगळा, कर्णस्राव वेगळा, दुर्गंधी येणारा पूतिकर्ण वेगळा. म्हणजे दुखणारा कान आणि वाहणारा कान हे एकच प्रकरण नाही, हे तेव्हाच्या वैद्यांना ठाऊक होतं. पुढे घराघरांत आली ती फक्त पळी, तो फरक मागेच राहिला. उबेने ठणका थोडा हलका होतो हे खरं. पण दुखणं पडद्याच्या मागे असतं आणि तेल पडद्याच्या पुढे राहतं. पडद्याला भोक पडलेलं असेल तर तेच तेल, त्यातल्या लसणाच्या कणांसकट, आत उतरतं. भोक आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. म्हणून लेकराच्या कानात काही सोडू नये, असंच मी सांगते. ऊब द्यायचीच असेल तर सुती फडकं हाताला सोसेल इतकं कोमट करून बाहेरून धरावं. त्या रात्री आजींनी तेच केलं आणि नातीला उभं धरून खांद्यावर घेतलं. आडवं न ठेवणं हा त्यांचा उपाय कोणत्याही पुस्तकाइतका बरोबर होता.

जुन्या माणसांच्या मनात कानाच्या दुखण्याची जी भीती आहे, तिलाही कारण आहे. कानामागे जे टणक हाड लागतं, ते मॅस्टॉइड, आतून मधाच्या पोळ्यासारखं पोकळ असतं. मधल्या कानातला पू तिथे शिरला की कानामागे सूज येते, कान पुढे ढकलला जातो, आणि तिथून मेंदू फार लांब नसतो. औषधं नव्हती तेव्हा अशी मुलं दगावायची. १८०१ च्या सुमारास लंडनच्या ॲस्टली कूपरने पडद्याला छेद देण्याची शस्त्रक्रिया मांडली. १८७३ मध्ये जर्मनीच्या हेर्मान श्वार्ट्झने ते हाड उघडून पू काढण्याची पद्धत नीट घालून दिली. डब्लिनचे विल्यम वाइल्ड हे नावाजलेले कानाचे सर्जन. कानामागच्या गळवावर द्यायच्या छेदाला त्यांचंच नाव आहे. त्यांचा मुलगा, लेखक ऑस्कर वाइल्ड, १९०० साली मेंदूच्या आवरणाला सूज येऊन गेला, आणि ती सूज कानाच्या जुन्या दुखण्यातून आली असं मानलं जातं. सर्जनच्या घरातही कान जीव घेऊ शकत होता, असा तो काळ.

मग चित्र झपाट्याने पालटलं. १९३५ नंतर सल्फा औषधं आली, चाळीसच्या दशकात पेनिसिलिन. आपल्याकडे १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलिन देशात बनू लागलं. हाड उघडायची वेळ क्वचित येऊ लागली. ज्या डॉक्टरांनी आधीचे दिवस पाहिले होते, त्यांनी प्रत्येक दुखऱ्या कानाला अँटिबायोटिक द्यायला सुरुवात केली, यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. चुकलं ते पुढे. डॉक्टरांचा तो निर्णय दुकानाच्या काउंटरवर आला. मागच्या खेपेची चिठ्ठी, शेजारच्या मुलाला लागू पडलेली बाटली, दोन दिवसांत ताप उतरला की उरलेलं औषध फ्रिजमध्ये. जंतूंना औषध पचवायला शिकवण्याचा याहून सोपा मार्ग नाही. २०१४ पासून सेफिक्झिमसारखी अनेक अँटिबायोटिक्स चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची नोंद ठेवावी लागते. तरी रात्री अकराला दादा निघालाच होता.

‘थांबून बघू’ हे उत्तर नेदरलँड्समधून आलं. व्हॅन बुखेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवलं, की दोन वर्षांवरच्या मुलांत अँटिबायोटिक दिलं, पडद्याला छेद दिला, दोन्ही केलं किंवा काहीच केलं नाही, तरी बरं होण्यात मोठा फरक पडत नाही. १९८५ मध्ये त्यांनी ४,८६० मुलांचा अनुभव मांडला. फक्त वेदनाशामक आणि नाकातले थेंब घेऊन नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं काही दिवसांत बरी झाली होती. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २००४ साली हा विचार सावधपणे स्वीकारला. २०११ मध्ये अमेरिका आणि फिनलंडमधल्या दोन अभ्यासांनी दुसरी बाजू समोर आणली: दोन-तीन वर्षांखालच्या, निदान पक्कं असलेल्या मुलांना अँटिबायोटिकचा फायदा होतो, पण जुलाबही जास्त होतात. त्याच अमेरिकी संघटनेची २०१३ ची सुधारित मार्गदर्शिका या दोन्हींचा मेळ घालते.

तिचा मथितार्थ असा. सहा महिन्यांखालचं बाळ असेल तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर. (तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला, तर कान असो-नसो, लगेच.) सहा महिने ते दोन वर्षांत दोन्ही कानांना लागण असेल तर औषध. ताप १०२.२ किंवा वर, ठणका असह्य किंवा दोन दिवसांहून जुना, किंवा कानातून पू आला, तर कुठल्याही वयात औषध. दोन वर्षांवरचं मूल, ताप बेताचा, वेदनाशामकाने झोपतं, पाणी पितं, तर दोन ते तीन दिवस पाहता येतं. ४८ ते ७२ तासांत उतार नसेल तर परत दाखवायचंच. दोन्ही कान आहेत की एकच, हे घरी कळत नाही. त्यामुळे दोन वर्षांखालच्या लेकराला सकाळी दाखवणं हेच धरून चालावं.

आणि रात्रीच निघावं असं काय? कानामागे सूज किंवा लाली, कान पुढे आलेला, तोंड एका बाजूला वाकडं, मान कडक, उलट्या थांबत नाहीत, मूल सुस्त, हाक मारली तरी डोळे उघडत नाही, दूध-पाणी घेत नाही, चालताना तोल जातो, झटका आला. यातलं काहीही असेल तर दुकान नाही, मेडिकल किंवा मेयो (शहरातलं दुसरं सरकारी रुग्णालय), नाहीतर जवळचं रात्रपाळीचं बालरुग्णालय. कानात घड्याळाचा बटण सेल गेल्याची शंका आली तरी तसंच, कारण तो काही तासांत आतली कातडी जाळतो. याउलट खेळतंय, हसतंय, ताप नाही आणि नुसता कान ओढतंय, अशा लेकराला बहुतेक वेळा कानाची लागण नसतेच.

एक गोष्ट मात्र नेदरलँड्सच्या कागदावर दिसत नाही. थांबणं हा उपचार त्यालाच परवडतो, ज्याला दोन दिवसांनी परत येता येतं. धंतोलीच्या दवाखान्यात रिक्षाने दहा मिनिटांत पोचणाऱ्याला ‘परवा बघू’ म्हणणं वेगळं, आणि भिवापूर किंवा पारशिवनीकडच्या गावातून रोजी बुडवून आलेल्या बाईला म्हणणं वेगळं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नव्वदच्या दशकात खेड्यातल्या आरोग्यसेवकांसाठी जी पद्धत आखली, ती म्हणूनच जास्त सरळ आहे. पाच वर्षांखालच्या मुलाचा कान दुखतो किंवा चौदा दिवसांहून कमी काळ पू येतो, तर पाच दिवस अँटिबायोटिक आणि पाच दिवसांनी तपासणी. कानामागे दुखरी सूज, तर तातडीने मोठ्या दवाखान्यात. चौदा दिवस किंवा जास्त वाहतो, तर तो जुनाट कान, तो कोरडा ठेवायचा. मला या पद्धतीत माणसांची जाण दिसते.

त्या चौदा दिवसांवर मी अडते, कारण आपल्याकडे खरी फसगत तिथे होते. पडदा फुटला की आतला दाब उतरतो, ठणका थांबतो, मूल झोपतं. उशीवर पिवळा डाग दिसतो आणि घरात सगळे म्हणतात, “कान फुटला, सुटली बिचारी.” बहुतेक वेळा भोक काही आठवड्यांत भरतंही. पण ज्याचं भरत नाही, त्याचा कान दुखत नाही, नुसता वाहतो. मग ‘लहानपणी वाहतोच कान’ म्हणून वर्षं जातात. त्यातल्या काही कानांत आत कातडीची गाठ वाढून हाड कुरतडत जाते. वर्गात मागे बसलेलं, ‘लक्ष देत नाही’ म्हणून मार खाणारं मूल मुळात ऐकूच येत नसलेलं असतं. मध्यरात्री रडणाऱ्या कानाला आपण धावतो, आणि महिनाभर मुकाट वाहणाऱ्या कानाकडे बघत नाही. मला भीती या दुसऱ्या कानाची जास्त वाटते.

वाहता कान कोरडा करायची रीत अगदी साधी आहे. स्वच्छ, मऊ सुती कापडाची तिरपी पट्टी घ्यायची, पिळून टोकदार वात करायची, कानात अलगद ठेवायची. ओली झाली की काढायची, दुसरी ठेवायची, कोरडी निघेपर्यंत. दिवसातून तीनदा तरी. काडी नाही, कापसाचा बोळा नाही, डोक्यावरून अंघोळ नाही, अंबाझरीच्या बाजूच्या तलावात पोहणं तर नाहीच. शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला वाहता कान दाखवता येतो. २०१३ साली पालघरमध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाच्या यादीत मधल्या कानाची लागण नावानिशी आहे आणि पुढचा उपचार मोफत आहे.

सर्दीच्या सिरपबद्दल नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याची लेकरं मूत्रपिंडं निकामी होऊन आपल्या शहरातल्या रुग्णालयांत आली, आणि त्यातली कित्येक परत गेली नाहीत. त्यांना दिलेल्या खोकल्याच्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. सर्दी सुकवणाऱ्या औषधांनी मधल्या कानातलं पाणी हटत नाही, हे त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. ठणक्याला वजनाप्रमाणे दिलेलं पॅरासिटामॉल पुरतं. पावसाळ्यानंतर डेंग्यूचे दिवस असतात, तेव्हा तापात डॉक्टरांना न विचारता आयब्युप्रोफेन देऊ नये. ॲस्पिरिन तर कधीच नको.

आणि लस. न्यूमोकोकस हा या दुखण्यातला एक मोठा जंतू. त्याची लस सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर पोचली: दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने. ती न्यूमोनियासाठी आहे, कानांचा फायदा त्यासोबत मिळतो.

छकुली तेव्हा अडीच वर्षांची होती. ताप १००.६, पाणी पीत होती, कानामागे सूज नव्हती. वहिनीला म्हटलं, पॅरासिटामॉल दे, उभी धर, सकाळी दाखव, आणि दादाला परत बोलव. सकाळी डॉक्टरांनी आधी तिला रडायचं थांबू दिलं, कारण रडूनही पडदा लाल दिसतो. मग दुर्बिणीच्या उजेडात पाहिलं. डावा पडदा फुगलेला, उजवा ठीक. दोन दिवस पाहायचं ठरलं. तिसऱ्या दिवशी ती अंगणात होती.

पण पाणी मागे राहतं. ते आटायला तीन महिनेही लागू शकतात, आणि तोवर ऐकू कमी येतं. जानेवारीत ती टीव्हीला नाक लावून बसायची, हाक मारली की “काय?” म्हणायची. मार्चमध्ये, तीन महिने भरल्यावर, कानाच्या दाबाची तपासणी केली. पाणी असलं की यंत्राच्या कागदावर सरळ रेघ येते, हवा असली की मधोमध डोंगर. उजवीकडे डोंगर आला. डावीकडे कागद हळूहळू सरकला, रेघ थोडा वेळ सपाट गेली, आणि मग वर चढली. वहिनीने तो कागद घडी करून लसीकरणाच्या कार्डात ठेवला आहे.