एका फोनच्या दोन तारखा

गेल्या रविवारी माझा भाचा सीताबर्डीहून मोठ्या आनंदात घरी आला. त्याच्या पाच वर्षे जुन्या फोनला कंपनीने अपडेट देणे केव्हाच थांबवले होते, आणि तेथल्या एका दुरुस्तीवाल्याने त्यात ‘लिनिएजओएस’ ही अँड्रॉइडवरून स्वयंसेवकांनी बांधलेली प्रणाली टाकून फोन नव्यासारखा सुरक्षित झाल्याची खात्री दिली होती. मी सेटिंग्जमध्ये अँड्रॉइडची आवृत्ती उघडून पाहिली. अँड्रॉइड सुरक्षा अपडेटची तारीख याच महिन्याची होती. पण तेथेच ‘व्हेंडर’ सुरक्षा पॅचची, म्हणजे फोनच्या भागांसाठी कंपन्यांनी दिलेल्या सॉफ्टवेअरमधील दुरुस्तीची, दुसरी तारीख होती, आणि ती तीन वर्षांपूर्वीची होती.

गूगल अँड्रॉइडचा मूळ कोड खुला ठेवते आणि त्यावरून स्वयंसेवक स्वतःची प्रणाली बांधतात. तिलाच कस्टम रॉम म्हणतात. २००९ मध्ये सुरू झालेली सायनोजेनमॉड ही रॉम २०१६ च्या अखेरीस बंद पडली आणि लिनिएजओएसने तिचा वारसा पुढे चालवला. आता प्रश्न असा की, लिनक्स या खुल्या प्रणालीचा एकच पेनड्राइव्ह जवळपास कोणत्याही संगणकावर चालतो, तर फोनच्या प्रत्येक मॉडेलला वेगळी रॉम का लागते?

याचे उत्तर मला फार आवडते. संगणकातील बहुतेक भाग शाळेतल्या हजेरीप्रमाणे स्वतःची ओळख देतात: प्रणालीने विचारले की प्रत्येक कार्ड आपला निर्माता आणि क्रमांक सांगते. फोनमधील टचस्क्रीन, कंपासाचा संवेदक किंवा बॅटरीचा मापक हे मात्र बहुधा आयस्क्वेअरसी नावाच्या दोन तारांच्या जोडणीवर बसलेले असतात. फिलिप्सने १९८२ मध्ये आणलेल्या या पद्धतीत योग्य क्रमांकाने हाक मारली तरच भाग ‘ओ’ देतो, आणि तेव्हाही आपण कोण हे तो आपणहून सांगत नाही. म्हणून टचस्क्रीनची चिप कोणत्या जोडणीवर आहे, तिचा पत्ता काय, बोट लागल्याचा इशारा ती प्रोसेसरच्या कोणत्या पिनेवर देते आणि तिला वीज कोठून मिळते, हे सारे आधीच लिहून ठेवावे लागते. या नोंदवहीला ‘डिव्हाइस ट्री’ म्हणतात. एका मॉडेलची नोंदवही दुसऱ्यात घातली, तर प्रणाली रिकाम्या पत्त्यावर हाका मारत बसते आणि पडदा स्पर्शाला दाद देत नाही.

अँड्रॉइडचा गाभा असलेल्या लिनक्स कर्नलच्या परवान्यामुळे कंपन्यांना कर्नलचा कोड द्यावा लागतो आणि ही नोंदवही त्यातून मिळते. कॅमेरा, मोडेम (मोबाइल नेटवर्कशी जोडणारा भाग) आणि ग्राफिक्स यांच्या बऱ्याचशा सॉफ्टवेअरांचा कोड मात्र कंपन्या देत नाहीत. स्वयंसेवक ती कंपनीच्या शेवटच्या अपडेटमधून जशीच्या तशी उचलतात. त्यांत पुढे छिद्र सापडले तरी ते बुजवायला कोड हाती नसतो, आणि मोडेमसारखे भाग तर कंपनीची डिजिटल सही नसलेले फर्मवेअर, म्हणजे त्यांच्या आत चालणारे सॉफ्टवेअर, स्वीकारतच नाहीत. जुनी राहिलेली ‘व्हेंडर’ तारीख या खालच्या, फोनच्या भागांना लागून असलेल्या थराची आहे. फोन ‘सुरक्षित’ करण्याची जाहिरात करणारी क्लीनर ॲप्सही येथे निरुपयोगी आहेत, कारण ॲप सर्वांत वरच्या थरात, स्वतःच्या कुंपणात चालते आणि मोडेमपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही.

तरीही वरचा थर नवा असणे मोलाचे आहे. २०१५ मध्ये उघड झालेला ‘स्टेजफ्राइट’ दोष व्हिडिओ वाचणाऱ्या भागात, म्हणजे वरच्याच थरात होता, आणि तेव्हापासूनच गूगल दरमहा सुरक्षा पत्रक काढू लागले. मात्र रॉम टाकण्यासाठी बूटलोडरचे, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चालू करून देणाऱ्या प्रोग्रामचे, कुलूप उघडावे लागते आणि बहुतेक फोनांवर ते तसेच उघडे राहते. फोन सुरू होताना प्रणालीत कोणी फेरफार केला आहे का, याची जी तपासणी होते, ती मग विश्वासाची उरत नाही. काही बँकांची ॲप्स म्हणूनच अशा फोनवर चालत नाहीत. सुरक्षेवर भर देणारी ग्राफीनओएस ही रॉम मुख्यतः गूगलच्या पिक्सेल फोनांपुरती मर्यादित राहिली त्याचे कारण हेच: तेथे स्वतःच्या किल्लीने कुलूप पुन्हा लावता येते आणि खालच्या थराची अपडेट कंपनीकडून येत राहतात. पिक्सेल ८ आणि सॅमसंगचा गॅलॅक्सी एस२४ यांना ती सात वर्षे देण्याचे वचन आहे.

भाच्याने त्याच संध्याकाळी यूपीआय आईच्या फोनवर हलवले. जुना फोन त्याने गाणी आणि नकाशे यांसाठी ठेवला असून, त्यातले सिमकार्ड काढून टाकले आहे.