आडवे पडलेले खोड उठते कसे आणि थांबते कुठे

वादळी पावसात ऊस लोळला की काही दिवसांतच त्याचे शेंडे पुन्हा वर वळतात. बुडाकडच्या जून कांड्या मात्र जमिनीलगत आडव्याच राहतात. खोडाला स्नायू नाहीत. खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा जास्त वाढवायची, एवढा एकच मार्ग त्याच्याकडे आहे. जिथली वाढ संपली, तिथले वळणेही संपले.

आपण आडवे झालो हे खोडाला आधी कळावे लागते. कोवळ्या खोडात पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्यांभोवती अंतस्त्वचेचा, एका पेशीच्या जाडीचा थर असतो. या पेशींत स्टार्चने भरलेले जड कण असतात आणि खोड कलले की काही मिनिटांत ते पेशीच्या नव्या तळाकडे सरकतात. या सरकण्यावरूनच वनस्पतीला वर-खाली कळते, ही कल्पना 1900 साली नेमेक आणि हाबरलांट या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडली. पक्का पुरावा मिळायला मात्र जवळपास शतक गेले. अरॅबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीच्या ज्या वाणांत अंतस्त्वचाच तयार होत नाही, त्यांच्या खोडाला वर-खाली कळत नाही, मुळांना मात्र नीट कळते; कारण मुळांचे कण टोकावरच्या टोपीत असतात. जपानमध्ये हौसेने जपलेल्या लोंबत्या मॉर्निंग ग्लोरी या फुलवेलीतही हाच थर बिघडलेला निघाला!

धान्याची रास थोडी कलली तर दाणे जागचे हलत नाहीत. हे कण मात्र अगदी थोड्या कलानेही वाहू लागतात, कारण जिवंत पेशी त्यांना सतत हलवत ठेवते. म्हणूनच खोडाला एवढासा कलही जाणवतो.

कण सरकले की पेशीच्या पटलातली ऑक्झिन बाहेर सोडणारी प्रथिने जागा बदलतात आणि हे संप्रेरक खालच्या बाजूला जास्त साचते. ऑक्झिनमुळे पेशीभित्तिका आम्लधर्मी होऊन सैल पडते आणि आतल्या पाण्याच्या दाबाने पेशी लांबते. मुळांमध्ये मात्र तेच ऑक्झिन वाढ रोखते, म्हणून मूळ खाली वळते. अरॅबिडॉप्सिसचा फुलोऱ्याचा दांडा 23 अंश सेल्सिअसला साधारण दीड तासात 90 अंश वळतो.

खरी गंमत यापुढे आहे. शेंडा आधी उभा होतो, बूड अजून कललेलेच असते. प्रत्येक भागाने फक्त आपल्या कलाकडे पाहिले असते, तर बूड उठता उठता शेंडा पलीकडे कलला असता, मग परत वळला असता आणि हे झोके चालूच राहिले असते. तसे सहसा होत नाही, कारण खोड कलाबरोबर स्वतःचा बाकही मोजते आणि तो बाक कमी करत राहते. 2013 साली फ्रेंच संशोधकांनी 11 सपुष्प वनस्पतींवर हे दाखवले. वाकलेले खोड संथ फिरणाऱ्या यंत्रावर ठेवून गुरुत्वाकर्षणाची दिशा पुसून टाकली, तर ते आपोआप सरळ होते. पाठ्यपुस्तके ऑक्झिनपाशीच थांबतात. सरळ होण्याचा हा अर्धा भाग बहुधा राहून जातो.

गवतवर्गातली पिके थोडी वेगळी. गव्हात प्रत्येक गाठीपाशी पानाच्या आवरणाचे बूड फुगीर असते. वाढ थांबलेल्या या पेशी खोड आडवे होताच खालच्या अंगाला पुन्हा लांबू लागतात. एक गाठ थोडीच वळते, दोन-तीन मिळून ओंबी वर आणतात. पीक पिकायला लागले की ही ताकद जाते, म्हणून दाणे भरल्यावर लोळलेला गहू उठत नाही.

हे घरी पाहायचे तर सूर्यफुलाचे बी रात्रभर भिजवून कपात लावावे. रोप 6 ते 8 सेंटिमीटर झाले की खोडाच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही अंगांना दर 3 मिलिमीटरवर शाईचे ठिपके द्यावेत. माती पडू नये म्हणून कपाच्या तोंडावर कापूस दाबावा, कप आडवा करून खोक्यात झाकावा आणि दर अर्ध्या तासाने, फोटोपुरतेच उघडावे. खालचे ठिपके एकमेकांपासून जास्त लांब जाताना दिसतात. दुसऱ्या दिवशी बाक बुडाकडे सरकलेला आणि वरचा भाग सरळ झालेला असतो. खोक्याला फट राहिली तर रोप उजेडाकडे वळते आणि प्रयोग फसतो. जून रोप घेतले, माती सुकली किंवा खोली फार गार असली तर वळणे मंदावते.

ग्लॅडिओलसच्या दांड्यांचेही तेच. खोक्यात आडवे ठेवले तर काही तासांत शेंडे वर वळतात. मग फुलदाणीत उभे केले की उलट वळण घेतात आणि दांडा नागमोडी होतो. म्हणून ते तोडल्यापासून उभेच आणि गारव्यात ठेवावेत.