ऑस्कर रॉबर्टसन: ट्रिपल-डबलच्या आड राहिलेला खटला

जून संपत आला की एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, बातम्यांत सामन्यांपेक्षा करारांचीच चर्चा जास्त असते. कोणाचा करार संपतोय, कोण कुठल्या शहरात जाणार, जुना संघ त्याला अडवू शकतो की नाही. करार संपलेल्या खेळाडूने आपला संघ आपण निवडायचा, हे आता इतकं अंगवळणी पडलंय की १९७६ पर्यंत ते जवळपास अशक्य होतं, हे मुद्दाम सांगावं लागतं. ज्या खटल्याने हे दार उघडलं त्याचं नाव ‘रॉबर्टसन विरुद्ध नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन’. यातला रॉबर्टसन म्हणजे गार्ड, अर्थात चेंडू हाताळून खेळ रचणारा खेळाडू, ऑस्कर रॉबर्टसन, चाहत्यांचा ‘बिग ओ’. लोकांना तो आठवतो ते मात्र अख्ख्या हंगामाची सरासरी ट्रिपल-डबल ठेवणारा पहिला खेळाडू म्हणून. ट्रिपल-डबल म्हणजे एकाच सामन्यात गुण, रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं) आणि असिस्ट (साथीदाराला गुण मिळवून देणारा पास) असे तिन्ही आकडे दहा किंवा जास्त. त्या विक्रमाने त्याचं मोठं काम झाकून टाकलं, असं आमचं मत आहे.

रॉबर्टसनचा जन्म २४ नोव्हेंबर १९३८ चा, टेनेसी राज्यातल्या शार्लट गावचा. लहानपणीच कुटुंब इंडियानापोलिसला आलं आणि लॉकफिल्ड गार्डन्स या कृष्णवर्णीयांच्या सरकारी वसाहतीत राहू लागलं. चेंडू घ्यायला पैसे नव्हते, म्हणून टेनिसचे चेंडू आणि रबरबँडने बांधलेल्या चिंध्या घरामागच्या पीचच्या टोपलीत टाकत तो नेम धरायला शिकला. पुढे क्रिस्पस अ‍ॅटक्स हायस्कूल. शहरातल्या कृष्णवर्णीय मुलांना वेगळं ठेवण्यासाठी १९२७ मध्ये ही शाळा काढली होती, आणि राज्य स्पर्धेचे दरवाजे अशा शाळांना १९४२ पर्यंत बंद होते. शाळेचा व्यायामशाळा-हॉल इतका लहान की ‘घरचे’ सामनेही दुसऱ्यांच्या मैदानावर खेळावे लागत.

प्रशिक्षक रे क्रो यांच्या या संघाने १९५५ मध्ये राज्य विजेतेपद मिळवलं. सगळ्यांसाठी खुली असलेली राज्य स्पर्धा एखाद्या कृष्णवर्णीय शाळेने जिंकण्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ. विजेत्यांची मिरवणूक शहराच्या मध्यावरच्या मोन्युमेंट सर्कलवर रंगायची ही तिथली रीत. अ‍ॅटक्सच्या पोरांना मात्र तिथून एक फेरी मारू देऊन वस्तीजवळच्या बागेकडे वळवलं गेलं. पुढच्या वर्षी संघ ३१-० असा अपराजित राहिला, इंडियानाच्या इतिहासात पहिल्यांदाच. अंतिम सामन्यात रॉबर्टसनने ३९ गुण केले. मिरवणुकीचा तो सल त्याच्या मनातून कधी गेला नाही, हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलं आहे.

सिनसिनाटी विद्यापीठातल्या तीन हंगामांत त्याची सरासरी ३३.८ गुण होती, आणि तिन्ही वर्षं तो देशातला सर्वाधिक सरासरीचा खेळाडू ठरला. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये जेरी वेस्टच्या जोडीने सहकर्णधार म्हणून सुवर्णपदक. त्यानंतर व्यावसायिक लीग, आणि इथे खेळाडूच्या मर्जीला वाव नसण्याची पहिली झलक दिसते. त्या काळी ‘टेरिटोरियल’ निवडीचा नियम होता: आपल्या परिसरातल्या महाविद्यालयाचा खेळाडू संघाला ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला, पहिल्या फेरीतला हक्क सोडून थेट उचलता येई. तिकीट विक्री वाढावी हा हेतू. म्हणून रॉबर्टसन सिनसिनाटी रॉयल्सचा झाला. त्याला कुणी विचारलं नाही.

त्याच्या खेळाबद्दल आकड्यांपेक्षा पद्धत आधी सांगायला हवी. उंची ६ फूट ५ इंच. त्या काळच्या बहुतेक गार्डपेक्षा दोन-चार इंच जास्त, अंगानेही दणकट. प्रतिस्पर्ध्याकडे पाठ किंवा खांदा करून, चेंडू लांबच्या हाताने टप्पे देत, तो त्याला इंचाइंचाने बास्केटकडे ढकलत नेई. पंधरा फुटांवरून शॉट मिळत असला तरी बारा फुटांवर जाई, बारावर मिळाला तर दहावर. मग डोकं आणि खांद्याची हूल. समोरचा उडाला की त्याच्या अंगावर जाऊन फाऊल घ्यायचा, नाही उडाला तर मागे झुकत एका हाताने, चेंडू डोक्याच्या मागे उंच धरून मारायचा. मदतीला दुसरा बचावपटू धावला की मोकळ्या साथीदाराला पास. म्हणजे त्याचे असिस्ट ही वेगळी कला नव्हती. धोका इतका जवळ नेऊन ठेवायचा की दोघांना यावंच लागेल, यातून ते आपोआप येत. आज उंच गार्ड लहान बचावपटूला पाठीवर घेऊन खेळताना दिसतो, तो हाच धडा.

१९६१-६२ च्या हंगामात ७९ सामन्यांत २,४३२ गुण, ९८५ रिबाउंड आणि ८९९ असिस्ट. म्हणजे सामन्यागणिक ३०.८, १२.५ आणि ११.४. तिन्ही रकान्यांत दोन आकडी सरासरी. गंमत म्हणजे तेव्हा याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही, कारण ‘ट्रिपल-डबल’ हा शब्दच रूढ नव्हता. तो १९८० च्या आसपास, मॅजिक जॉन्सनच्या काळात प्रचारात आला, आणि मग जुने तक्ते उघडून लोकांनी मोजणी केली.

हे आकडे वाचताना एक चूक हमखास होते: ते आजच्या आकड्यांशेजारी तसेच ठेवले जातात. त्या हंगामात एक संघ सामन्याला शंभरहून जास्त शॉट मारी आणि निम्म्याहून बरेच जास्त चुकत. चुकलेला प्रत्येक शॉट म्हणजे रिबाउंडची संधी. त्यामुळे १२.५ रिबाउंड आजच्या हिशेबात कमी भरतील. शिवाय तो सामन्याला सरासरी ४४ मिनिटांहून जास्त मैदानावर असे, आणि सामना असतो ४८ मिनिटांचा. पण असिस्टचं उलट आहे. तेव्हा नोंद करणारे कडक होते: पास घेऊन खेळाडूने टप्पे देत जागा बदलली की बऱ्याचदा असिस्ट मिळत नसे. म्हणून ११.४ चं मोल आज वाढेल. पहिल्या पाच हंगामांची एकत्र सरासरीही ३०.३ गुण, १०.४ रिबाउंड, १०.६ असिस्ट अशी आहे, आणि १९६३-६४ मध्ये, ज्या वर्षी तो एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, झाला, रिबाउंड ९.९ वर अडकले नसते तर दुसरा ट्रिपल-डबल हंगामही झाला असता. हंगामाच्या सरासरीचा विक्रम पुन्हा साधायला २०१६-१७ उजाडलं. तो साधणाऱ्या रसेल वेस्टब्रुकनेच पुढे १० मे २०२१ रोजी कारकिर्दीतला १८२ वा ट्रिपल-डबल करून रॉबर्टसनचा १८१ चा आकडाही ओलांडला.

इतकं करूनही त्याच्या काळात रॉयल्स कधी अंतिम फेरीत पोहोचले नाहीत; वाटेत बिल रसेलचा बोस्टन सेल्टिक्स उभा असे. ते असो.

मैदानाबाहेरची गोष्ट सुरू होते पेन्शनपासून. रॉयल्सचाच मॉरिस स्टोक्स १९५८ मध्ये सामन्यात डोक्यावर आपटला, काही दिवसांत त्याला पक्षाघात झाला, आणि त्याच्या उपचारांची सोय लागली ती सहखेळाडू जॅक ट्वायमनने पालकत्व घेऊन निधी उभारला म्हणून. हाच ट्वायमन पुढे रॉबर्टसनचा साथीदार. खेळाडूंना ना धड वैद्यकीय संरक्षण होतं ना निवृत्तिवेतन. १४ जानेवारी १९६४ रोजी बोस्टनमध्ये ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंचा, सामना टीव्हीवर दाखवला जाणार होता. खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष टॉम हाइन्सन आणि वकील लॅरी फ्लायशर यांच्या पुढाकाराने खेळाडूंनी ड्रेसिंग रूममध्ये बसून सांगितलं: पेन्शनचं लेखी नाही तरी ठाम आश्वासन द्या, नाहीतर आम्ही बाहेर येत नाही. मालकांनी दमदाटी केली, पण प्रक्षेपणाची वेळ टळत होती. लीगचे प्रमुख, कमिशनर वॉल्टर केनेडींनी शब्द दिला आणि सामना उशिराने सुरू झाला. त्या रात्रीचा सर्वोत्तम खेळाडू रॉबर्टसन: २६ गुण, १४ रिबाउंड, ८ असिस्ट. पुढच्याच वर्षी तो संघटनेचा अध्यक्ष झाला आणि १९७४ पर्यंत राहिला.

आता खऱ्या अडचणीकडे. प्रत्येक करारात एक कलम असे: मुदत संपल्यावर खेळाडूने नवी सही केली नाही, तरी संघ तोच करार आणखी एका वर्षासाठी स्वतःहून वाढवू शकतो. वाढवलेल्या करारात तेच कलम पुन्हा आहे, असं संघांचं म्हणणं. परिणामी खेळाडू विकला जाईपर्यंत किंवा निवृत्त होईपर्यंत बांधलेला. दुसरा कुठलाही संघ त्याच्याशी बोलत नसे, कारण मालकांचं आपसात तसं ठरलेलं.

या भिंतीला पहिलं भगदाड पाडलं ते १९६७ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशनने, म्हणजे एबीएने. प्रतिस्पर्धी लीग आल्यावर बोली लागू लागली. साधारण २० हजार डॉलरच्या घरातला सरासरी पगार काही वर्षांत कित्येक पटींनी वाढला. मालकांना उपाय एकच दिसत होता: दोन्ही लीग एक करून टाकायच्या. विलीनीकरण झालं की बोली थांबणार, हे खेळाडूंना स्वच्छ कळत होतं.

एप्रिल १९७० मध्ये खेळाडूंच्या संघटनेने न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. प्रत्येक संघाचा एक असे १४ वादी होते आणि अध्यक्ष म्हणून रॉबर्टसनचं नाव पहिलं. मागणी दुहेरी: विलीनीकरण थांबवा, आणि हे कलम व ड्राफ्टची पद्धत बेकायदा ठरवा. याच वर्षी बेसबॉलमध्ये कर्ट फ्लडनेही असाच दावा केला होता आणि १९७२ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात हरला. मग रॉबर्टसनचा का टिकला? बेसबॉलला १९२२ च्या एका निकालाने मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट मिळाली होती. बास्केटबॉलला ती नव्हती. लीगने काँग्रेसकडे जाऊन विशेष कायदा मागितला, पण सिनेटर सॅम अर्विन यांच्या उपसमितीपुढे तिची डाळ शिजली नाही. खटला आला न्यायाधीश रॉबर्ट कार्टर यांच्याकडे. शाळांतला वर्णभेद संपवणाऱ्या ‘ब्राउन’ खटल्यात वकील म्हणून लढलेले हेच कार्टर. १९७५ मध्ये दावा फेटाळण्याची लीगची विनंती त्यांनी अमान्य केली, आणि मालकांना पुढचं दिसू लागलं.

मधल्या काळात रॉबर्टसनची कारकीर्द चालूच होती, आणि तिच्यातही हाच मुद्दा डोकावतो. १९७० च्या सुरुवातीला रॉयल्सने त्याला बाल्टिमोरच्या संघाला द्यायचं ठरवलं. त्याच्या स्वतःच्या करारात अदलाबदल नाकारण्याचा हक्क होता. त्याने तो वापरला. एप्रिलमध्ये तो मिलवॉकी बक्समध्ये गेला, जिथे उंचापुरा तरुण लू अल्सिंडर, म्हणजे नंतरचा करीम अब्दुल-जब्बार, होता. १९७०-७१ मध्ये बक्सने ६६ सामने जिंकले आणि अंतिम फेरीत ४-० ने हरवलं ते नेमकं बाल्टिमोरला. १९७४ मध्ये सेल्टिक्सविरुद्धची अंतिम मालिका सातव्या सामन्यात हरल्यावर तो निवृत्त झाला: १,०४० सामने, २६,७१० गुण, ९,८८७ असिस्ट. असिस्टचा हा आकडा १९९१ पर्यंत कुणी गाठला नाही.

फेब्रुवारी १९७६ मध्ये तडजोड झाली. सुमारे ४३ लाख डॉलर खेळाडूंना वाटले गेले, पण खरी कमाई कलमांत होती. करार आपोआप वाढवण्याचा हक्क गेला. ड्राफ्टमधल्या संघाकडे जायचं नसेल तर एक वर्ष थांबून पुन्हा ड्राफ्टमध्ये येण्याची मुभा मिळाली. त्यानंतरच विलीनीकरणाचा रस्ता मोकळा झाला आणि जूनमध्ये नेट्स, नगेट्स, पेसर्स आणि स्पर्स हे चार एबीए संघ एनबीएत आले.

स्वातंत्र्य मात्र हप्त्याहप्त्याने आलं. पहिली काही वर्षं खेळाडू गेला तर जुन्या संघाला भरपाई मिळे आणि ती कमिशनर ठरवी. १९७८ मध्ये निक्सने सिॲटलचा सेंटर मार्विन वेबस्टर घेतला, तर बदल्यात लॉनी शेल्टन हा खेळाडू, ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवड आणि वर रोख रक्कमही द्यावी लागली. सिॲटल पुढच्याच हंगामात विजेता झाला. अशा भरपाईच्या भीतीने संघ बोली लावायलाच कचरत. १९८०-८१ पासून भरपाईच्या जागी जुन्या संघाला बाहेरच्या प्रस्तावाची बरोबरी करण्याचा हक्क आला. आयपीएल लिलावातलं ‘राइट टू मॅच’ कार्ड ज्यांना माहीत आहे, त्यांना वेगळं समजावायला नको. फरक इतकाच की इथे लिलाव नाही, खेळाडू स्वतः प्रस्ताव आणतो. हेही बंधन ज्याच्यावर नाही असा पहिला खेळाडू, टॉम चेंबर्स, १९८८ मध्ये सिॲटल सोडून फिनिक्सला गेला.

रॉबर्टसनला याचा आर्थिक फायदा काहीच झाला नाही. तडजोडीआधीच दोन वर्षं तो निवृत्त होता. निवृत्तीनंतर सीबीएसवरचं समालोचनाचं काम एका हंगामात संपलं, आणि त्यामागे खटलाच होता असं तो मानत आला. जानेवारी २०११ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, तो पुन्हा वादींच्या यादीत दिसला. यावेळी समोर महाविद्यालयीन खेळांची संघटना एनसीएए होती. सिनसिनाटीच्या गणवेशातली त्याची जुनी छायाचित्रं छापलेली कार्डं बाजारात विकली जात होती आणि त्याला त्यातला छदामही मिळत नव्हता.