मांडीवरच्या मुलासाठी दिवा लागत नाही

रविवारी सकाळी पोहे-जिलेबी आटोपून इंदूरहून महेश्वरला निघालेली मराठी घरातली गाडी बहुधा एकाच रीतीने भरलेली असते. बाबा चालवायला, आजोबा पुढे, मागे आई, आत्या आणि आजी, आणि आजीच्या मांडीवर दोन वर्षांची नात. पुढच्या दोघांनी पट्टे लावले की बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डवरची लाल खूण विझते, टिंगटिंग थांबते आणि गाडीच्या लेखी सगळं ठीक असतं. नात गाडीत आहे हेच तिला ठाऊक नसतं. इंजिनातल्या तेलापासून चाकातल्या हवेपर्यंत सगळ्याची खबर देणाऱ्या डॅशबोर्डवर मांडीवरच्या मुलासाठी एकही दिवा नाही. त्यामुळे ज्या खुणा आहेत त्या वाचता यायला हव्यात, आणि जिथे खूणच नाही तिथे काय घडतं तेही कळायला हवं.

किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, डॅशबोर्डवर एकदम दिवाळी होते. इशाऱ्याचे जवळजवळ सगळे दिवे त्या वेळी पेटतात, कारण गाडी स्वतःची तपासणी करत असते. पुढच्या काही क्षणांत, इंजिन सुरू होता होता, ते विझायला हवेत. एखादा दिवा तसाच राहिला तर आपण चौकशी करतो, पण एखादा मुळात पेटलाच नाही तर ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एअरबॅगची खूण म्हणजे बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर गोळा. ती किल्ली फिरवल्यावर पेटलीच नाही तर एअरबॅगची यंत्रणा बिघडलेली असू शकते, शिवाय तो बिघाड सांगणारा दिवाही गेलेला असतो. जुनी गाडी विकत घेताना रंग आणि टायर पाहण्याआधी हे पाहावं.

या खुणा कंपनीगणिक बदलत नाहीत. ‘आयएसओ २५७५’ या आंतरराष्ट्रीय मानकात त्यांची चित्रं ठरवून दिलेली आहेत. रंगांचाही अर्थ ठरलेला आहे. लाल म्हणजे धोका, ताबडतोब लक्ष द्या. पिवळा म्हणजे बिघाड आहे, लवकर दाखवा. हिरवा म्हणजे अमुक एक गोष्ट चालू आहे. निळा मुख्यतः अप्परचा, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत जाणाऱ्या झोताचा. अप्परच्या खुणेत प्रकाशाच्या रेषा आडव्या सरळ असतात, डिपरच्या खुणेत खाली झुकलेल्या. इंदूरच्या एबी रोडवर रात्री निळा दिवा लावून शहराच्या आतही येणाऱ्यांची संख्या पाहिली की ही खूण वाहन परवान्याच्या परीक्षेत दहा वेळा विचारावी असं वाटतं.

लाल खुणांपैकी तेलाच्या झारीबद्दल सर्वांत मोठा गैरसमज आहे. ती तेल किती उरलंय ते सांगत नाही, तेलाचा दाब पडल्याचं सांगते. दाब नसेल तर इंजिनातल्या फिरत्या धातूंमधला तेलाचा थर नाहीसा होतो आणि धातू धातूवर घासू लागतो. ‘पुढच्या गॅरेजपर्यंत नेऊ’ एवढा वेळही तिथे नसतो, गाडी कडेला घेऊन इंजिन बंदच करावं लागतं. वर्तुळातलं उद्गारचिन्ह ब्रेकचं. हँडब्रेक खाली केल्यावरही ते विझलं नाही तर ब्रेकचं तेल कमी झालेलं असू शकतं, आणि अशी गाडी घाटात न्यायची नसते. महेश्वरच्याच वाटेवर, राऊ-खलघाट रस्त्यावरचा गणेश घाट ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध राहिला आहे. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरला की तो इतका तापतो की त्याची पकड सुटत जाते. छोट्या गाडीचंही तेच होतं, म्हणून घाट खालच्या गिअरमध्ये उतरायचा आणि गाडी इंजिनाला आवरू द्यायची. इथे आधी इशारा देणारा दिवा बहुतेक गाड्यांत नसतो, तापलेल्या ब्रेकचा वासच काय तो येतो.

पिवळ्या खुणांमध्ये इंजिनाची आकृती सर्वांच्या ओळखीची आहे. ती स्थिर असेल तर एक-दोन दिवसांत मेकॅनिक गाठावा. ती लुकलुकत असेल तर इंधन नीट जळत नाहीये आणि धूर शुद्ध करणारा भाग तापून खराब होतोय, म्हणून वेग कमी करून लगेच गाडी दाखवावी. घोड्याच्या नालासारख्या आकारात उद्गारचिन्ह दिसलं तर टायरमधली हवा कमी आहे. एबीएसचा दिवा चालताना लागला तर साधा ब्रेक चालतो, पण जोरात दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा बंद पडलेली असते. ती यंत्रणा ठीक असेल तर कचकन ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली थरथरतं. घाबरून पाय उचलायचा नाही, ती थरथर म्हणजे यंत्रणा काम करतेय. पेट्रोल पंपाच्या खुणेशेजारचा छोटा बाण टाकी कुठल्या बाजूला आहे ते सांगतो. १९८६ मध्ये फोर्ड कंपनीतल्या जिम मॉयलन यांनी तो सुचवला होता.

लाल त्रिकोणाच्या बटणाबद्दल मात्र इंदूरकरांना जरा कळकळीने सांगायचंय. चौकात सरळ जायचं असलं की चारही इंडिकेटर लावायची आपल्याकडे सवय पडली आहे. बाजूने येणाऱ्याला तुमच्या गाडीची एकच बाजू दिसते, त्याला वाटतं तुम्ही वळताय. सरळ जाणाऱ्याने काहीच लावायचं नसतं. ते बटण अडकलेल्या, बंद पडलेल्या गाडीसाठी आहे.

आता पट्ट्याचा दिवा. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालक आणि शेजारचा, दोघांसाठी पट्ट्याची आठवण देणारी यंत्रणा सक्तीची झाली. ताशी ८० किलोमीटरनंतर अधूनमधून आणि १२० नंतर सतत वाजणारी सूचनाही त्याच वेळी आली. चालकाशेजारच्या गादीखाली वजन ओळखणारा सेन्सर असतो आणि पट्ट्याच्या कुलपात एक स्विच. गादीवर भार आहे आणि कुलूप उघडं आहे, एवढंच गाडी ताडते. म्हणून भाजीची जड पिशवी ठेवली तरी ती ओरडते, आणि मोठ्या माणसाने पट्टा लावून मूल मांडीवर घेतलं तर निमूट बसते.

मांडीवर धोका किती, हे शाळेतल्या भौतिकशास्त्राने काढता येतं. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. या वेगाने गाडी भिंतीवर आदळली आणि तिचा पुढचा भाग अर्धा मीटर चेपला, तर सगळं थांबायला सेकंदाचे शंभरातले सात भाग लागतात. इतक्या कमी वेळात थांबताना शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण वीसपट जोर येतो. दहा किलोच्या मुलाला त्या क्षणी धरून ठेवायचं म्हणजे दोनशे किलो पेलायचे. शिवाय दचकून हात आवळायलाच माणसाला सेकंदाचा पाचवा भाग लागतो, तोवर टक्कर होऊन गेलेली असते. हातातून सुटलेलं मूल त्याच ५० च्या वेगाने पुढे जातं आणि समोरच्या सीटवर किंवा काचेवर अगदी थोड्या अंतरात थांबतं, तेव्हा जोर आणखी कितीतरी वाढतो. तिसऱ्या मजल्यावरून खाली पडल्यावर जमिनीवर पोहोचताना जो वेग असतो, तोच हा वेग आहे. आजीने पट्टा लावलेला नसेल तर तिचं साठ किलोचं शरीर मुलाच्या पाठीमागून येतं आणि मूल तिच्या आणि समोरच्या सीटच्या मध्ये सापडतं. शंभराच्या वेगाला तर ऊर्जा चौपट होते. आजीच्या प्रेमात काहीही कमी नसतं, हे गणित तिच्या हाताबाहेरचं आहे.

इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहनचाचणी केंद्र आहे. तिथला ११.३ किलोमीटरचा अंडाकृती वेगपथ २०२१ मध्ये खुला झाला. ब्रेक, वळणं, ओला रस्ता अशा निरनिराळ्या चाचण्यांसाठी तिथे वेगळे मार्ग आहेत. गाडीची क्षमता आज अशा ठिकाणी नेमकी मोजता येते. माणसाच्या हाडांची क्षमता मात्र आहे तेवढीच राहते, आणि लहान मुलाची तर फारच थोडी.

मोठ्यांसाठीचा तीन ठिकाणी बांधणारा पट्टा १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी दिला. त्याआधी ते लढाऊ विमानांतून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत होते. कंपनीने हे पेटंट इतरांना वापरायला मोकळं ठेवलं. या पट्ट्याचं मर्म एवढंच की तो शरीराची बळकट हाडं धरतो, म्हणजे ओटीपोटाखालचं कटीचं हाड, छाती आणि खांद्याचं हाड. लहान मुलांत कटीच्या हाडाच्या पट्टा अडवणाऱ्या कडा पुरत्या तयार झालेल्या नसतात, त्याला साधारण दहाव्या वर्षापर्यंत वेळ लागतो. त्यामुळे मोठ्यांचा पट्टा मुलाच्या पोटावर सरकतो आणि टकरीच्या वेळी सगळा जोर आतडी, यकृत आणि पाठीच्या कण्यावर येतो. वरचा भाग मानेला घासतो म्हणून मूल तो काखेखाली घेतं, त्याने धोका वाढतो. बूस्टर सीट मुलाला उंच करते ती याच कारणासाठी, पट्टा पोटावरून हाडावर यावा म्हणून. मुलाची उंची साधारण १४५ ते १५० सेंटिमीटर झाली, पाठ सीटला टेकून गुडघे कडेवर नीट वाकू लागले, पट्टा मांडीच्या वरच्या टोकाला आणि खांद्याच्या मधोमध बसू लागला, की बूस्टर काढता येतो. तिथे वय नव्हे, उंची पाहायची.

तान्ह्या बाळाचं गणित आणखी वेगळं आहे. जन्माच्या वेळी डोकं शरीराच्या लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असतं आणि मानेचे मणके अजून कूर्चेने जोडलेले असतात. पुढे तोंड करून बसवलेलं बाळ टकरीत पट्ट्याने अडतं, डोकं मात्र पुढे ओढलं जातं आणि ती ओढ त्या कोवळ्या मानेवर पडते. तोंड मागे असेल तर डोकं, मान आणि पाठ एकत्रच सीटच्या पाठीत दाबली जातात आणि जोर सगळ्या पाठीवर वाटला जातो. स्वीडनचे बर्टिल आल्डमन यांना ही कल्पना जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या आसनांवरून सुचली. उड्डाणाचा जोर पाठीवर घेत ते बसत, आणि आल्डमन यांनी १९६४ मध्ये तशीच मुलांची सीट व्होल्वो गाडीत बसवून तपासली. संयुक्त राष्ट्रांच्या १२९ क्रमांकाच्या नियमानुसार निदान १५ महिन्यांपर्यंत तोंड मागेच हवं. सीटवर लिहिलेल्या वजन-उंचीच्या मर्यादेत मूल बसतं तितका जास्त काळ तसंच ठेवणं उत्तम. मुलाचे पाय दुमडतात म्हणून आईबाबा ती लवकर पुढे वळवतात. मुलांना पाय दुमडून बसायला काहीच त्रास होत नाही.

ही मागे तोंड असलेली सीट पुढच्या आसनावर एअरबॅग चालू असताना कधीही ठेवायची नाही. सनव्हायझरवर लाल वर्तुळात मुलाची सीट खोडलेली खूण असते, तिचा अर्थ हाच. एअरबॅग सेकंदाच्या हजार भागांपैकी तीस-चाळीस भागांत, ताशी सुमारे ३०० किलोमीटर वेगाने फुगते. मोठ्या माणसासाठी तिच्यात आणि छातीत अंतर असतं. मागे तोंड असलेल्या सीटची पाठ डॅशबोर्डला जवळजवळ टेकलेली असते, त्यामुळे पिशवी थेट बाळाच्या डोक्यामागे येऊन आदळते. काही गाड्यांत ती एअरबॅग किल्लीने बंद करायची सोय असते. तरी मागचं आसनच बरं.

मागच्या आसनाच्या फटीत बोट घातलं की दोन धातूच्या कड्या लागतात आणि जवळ मुलाच्या सीटची छोटी खूण असते. हे आयसोफिक्स, म्हणजे मुलाची सीट थेट गाडीला अडकवायची सोय. दोन कड्यांत २८ सेंटिमीटर अंतर असतं, सीटचे हूक त्यात खटकन बसतात, आणि सीट पुढे कलंडू नये म्हणून तिसरा आधार वरच्या पट्ट्याचा किंवा खालच्या पायाचा असतो. सीट विकत घेताना, ती तपासून मान्य झाल्याची खूण असलेलं वर्तुळातलं ई अक्षर आणि वजनाचा किंवा उंचीचा आकडा असलेलं लेबल पाहावं. एकदा अपघात झालेली सीट वरून धड दिसली तरी पुन्हा वापरायची नाही. बांधताना पट्टा खांद्याजवळ चिमटीत पकडून पाहावा, चिमटीत आला तर तो सैल आहे. थंडीत जाड स्वेटर घालून बांधलं तर तोच सैलपणा स्वेटरच्या आत लपतो, म्हणून पांघरूण पट्ट्यावरून घालावं.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या १९४ ब कलमानुसार, १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा बालआसनाने बांधलेलं नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. गाडी घेताना आता लोक ‘किती तारे?’ असं विचारतात, हे फार चांगलं झालं. गाड्या आदळवून तारे देणारी भारत एनकॅप ही चाचणी २०२३ मध्ये सुरू झाली, आणि त्यात मुलांच्या सुरक्षेचे ४९ गुण वेगळे असतात. ताशी ६४ किलोमीटरच्या टकरीत दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाएवढ्या दोन बाहुल्या वापरतात. पण त्या बाहुल्या बालआसनात नीट बांधलेल्या असतात. मांडीवर बसलेल्या मुलाला त्या ताऱ्यांतला एकही लागू पडत नाही.

आणखी दोन गोष्टी दारांच्या. मागच्या दाराच्या कडेवर, दार उघडल्यावरच दिसणारा छोटा खटका म्हणजे चाइल्ड लॉक. तो लावला की दार आतून उघडत नाही, बाहेरून उघडतं. चालकाच्या दारावर खिडक्यांच्या बटणांपाशी एक कुलपाचं बटणही असतं, मागे मूल असेल तर ते दाबून ठेवावं. काच मध्ये काही अडकल्यावर आपोआप खाली जाण्याची सोय पुष्कळ गाड्यांत फक्त चालकाच्या खिडकीला असते.

पण हेच चाइल्ड लॉक उन्हात मुलाला कोंडतं. मे महिन्यात इंदूरच्या सराफा बाजारात ‘दोन मिनिटांत आलोच’ म्हणून मूल गाडीत ठेवणारे दिसतात. ऊन काचेतून आत येतं, सीट आणि डॅशबोर्ड तापवतं, आणि तापलेली हवा बाहेर जाऊ शकत नाही. आतलं तापमान तासाभरात वीसहून जास्त अंशांनी चढतं, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच दोन बोटं खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा तीन ते पाचपट वेगाने तापतं, त्यामुळे बाहेर ४२ अंश असताना हातात फार थोडा वेळ असतो. मूल चार-पाच वर्षांचं असेल तर उभ्या गाडीत त्याला एकदा पुढच्या सीटवर येऊन हॉर्न दाबायला शिकवावं. स्टिअरिंगच्या मधोमध तुतारीची खूण असते आणि बहुतेक गाड्यांत किल्ली नसतानाही हॉर्न वाजतो.