तोंड एक, तारा वेगळ्या

इंदूरच्या जेल रोडवर मोबाइलची केबल मागितली की काउंटरवरून एकच प्रश्न येतो, "सी टाइप ना?" दहा वर्षांपूर्वी बारीक पिन, चपटी पिन, आयफोनवाली की जुन्या नोकियाची गोल, असे चार प्रश्न असायचे. आता 'हो' म्हटलं की पुडकं हातात पडतं. मात्र तारेचं तोंड एक झालं म्हणून तार एक झालेली नाही. सी टाइपबद्दलच्या निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात.

२००९ साली युरोपात १४ उत्पादकांनी मायक्रो यूएसबी वापरण्याचा करार केला होता, पण तो ऐच्छिक होता. २०१४ च्या ऑगस्टमध्ये टाइप सीचा आराखडा जाहीर झाला. २०२२ मध्ये युरोपीय संघाने कायदाच केला: २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकले जाणारे फोन, टॅबलेट, कॅमेरे, हेडफोन सी टाइपचे हवेत, आणि लॅपटॉपना मुदत २८ एप्रिल २०२६. त्याआधीच, सप्टेंबर २०२३ मध्ये, आयफोन १५ सी टाइप घेऊन आला. भारतीय मानक ब्युरोनेही जानेवारी २०२३ मध्ये टाइप सीचं भारतीय मानक जाहीर केलं.

आता त्या छोट्या तोंडात डोकावू. फोनच्या सॉकेटमध्ये मधोमध एक पातळ जीभ असते आणि तिच्या वर १२ व खाली १२ असे २४ संपर्क असतात. ४ विजेचे, ४ अर्थिंगचे, ४ जुन्या पद्धतीच्या डेटाचे, ८ वेगवान डेटाचे, २ जादा कामांसाठी. उरलेल्या दोघांना सीसी म्हणतात, आणि सगळी गंमत त्या दोघांत आहे. वरचा संपर्क आणि त्याचा खालचा जोडीदार उलटसुलट जागी बसवलेले असल्यामुळे पिन कशीही घातली तरी बसते. पिनमधून सीसीची तार मात्र एकच येते. ती दोघांपैकी कुठे टेकली यावरून फोनला कळतं की पिन सुलटी आहे की उलटी.

याच तारेवर चार्जर आणि फोन एकमेकांना ओळखतात. खऱ्या सी टाइप चार्जरच्या तोंडाशी एरवी वीज नसतेच, ० व्होल्ट. फोनच्या आत दोन्ही सीसींपासून अर्थिंगकडे ५.१ किलोओहमचा एकेक रेझिस्टर, म्हणजे करंट अडवणारा छोटा भाग, बसवलेला असतो. चार्जरला तो जाणवला की मगच ५ व्होल्ट सुरू होतात. चार्जरच्या बाजूचा रेझिस्टर किती करंट मिळेल ते सांगतो: ५६ किलोओहम असेल तर साधा यूएसबीचा पुरवठा, २२ असेल तर दीड अँपिअर, १० असेल तर ३ अँपिअर. ५ व्होल्टला जोडलेले हे रेझिस्टर धरले तर सीसीवर अनुक्रमे सुमारे ०.४, ०.९ आणि १.७ व्होल्ट दिसतात, आणि फोन तेवढं बघून करंट घेतो.

हे कळलं की घरातलं एक कोडं सुटतं. दाढीचं ट्रिमर किंवा हातातला छोटा पंखा जुन्या चौकोनी तोंडाच्या चार्जरवर चालतो, पण दोन्हीकडे सी टाइप असलेल्या केबलवर मेल्यासारखा पडून राहतो. उपकरण बिघडलेलं नसतं. बनवणाऱ्याने काटकसरीत ते दोन रेझिस्टर बसवलेलेच नसतात. चौकोनी तोंडात ५ व्होल्ट कायम असतात, तिथे कुणी ओळख विचारत नाही. सी टाइप चार्जर मात्र ओळख पटल्याशिवाय दार उघडत नाही. अशा उपकरणासाठी जुनी केबल जपून ठेवा. त्यात काहीही कमीपणा नाही.

उलट चूक केबलमध्येही होते. एका टोकाला चौकोनी तोंड असलेल्या केबलच्या सी पिनमध्ये ५६ किलोओहमचाच रेझिस्टर हवा. तिथे १० चा लावला तर फोनला वाटतं ३ अँपिअर मिळणार, आणि तो कॉम्प्युटरच्या जुन्या पोर्टमधून तेवढे ओढू लागतो. पोर्ट किंवा अडॅप्टर तापतो, कधी जळतो. गूगलचे अभियंते बेन्सन ल्युंग यांनी २०१५ पासून बाजारातल्या केबली एकेक करून तपासल्या आणि असा गोंधळ उघड केला. एका केबलमध्ये तर वीज आणि अर्थिंगच्या तारा उलट जोडलेल्या निघाल्या.

५ व्होल्टच्या पुढे जायचं तर त्याच सीसी तारेवर चार्जर आणि फोन संदेशांची देवाणघेवाण करतात. याला पॉवर डिलिव्हरी म्हणतात. चार्जर आपल्याकडचे ५, ९, १५, २० व्होल्टचे पर्याय सांगतो, फोन त्यातला एक निवडतो. व्होल्ट का वाढवायचे? ६० वॅट ५ व्होल्टवर न्यायचे तर १२ अँपिअर लागतील, २० व्होल्टवर ३ पुरतात. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे १६ पट फरक. साध्या केबलला ३ अँपिअरचीच परवानगी आहे. ५ अँपिअरसाठी पिनमध्ये एक छोटी ओळख-चिप लागते. म्हणून १०० वॅटचा लॅपटॉप चार्जर साध्या केबलवर ६० वॅटच देतो. प्रमाणित नव्या केबलवर ६० किंवा २४० वॅट छापलेलं असतं. घेताना ते शोधा. काही कंपन्यांचं स्वतःचं वेगळं फास्ट चार्जिंग असतं, ते दुसऱ्या चार्जरवर हळू चालतं. युरोपच्या कायद्यात १५ वॅटच्या वर जाणाऱ्या उपकरणाला पॉवर डिलिव्हरीही यायलाच हवी, अशी अट त्यासाठीच आहे.

डेटाचंही तसंच. त्याच तोंडातून सेकंदाला ४८० मेगाबिटही वाहतात आणि ४० गिगाबिटही. आयफोन १५ ला ४८० मेगाबिट, १५ प्रोला १० गिगाबिट.

आता रोजची अडचण: पिन सैल बसते, एका बाजूला दाबून धरली तरच चार्ज होतं. पोर्ट बदलायला धावू नका. घट्ट धरणाऱ्या स्प्रिंगा मुद्दाम केबलच्या पिनमध्ये ठेवलेल्या आहेत, म्हणजे झिजेल ती केबल. आधी दुसरी केबल लावून बघा. तीही पूर्ण आत जात नसेल, पिनची कड बाहेर दिसत असेल, तर खिशातले कापडाचे तंतू तळाशी दाबून बसलेत. फोन बंद करा, टॉर्चच्या उजेडात लाकडी टूथपिकचं टोक चपटं करून भिंतीच्या कडेने फिरवा, मधल्या जिभेला टेकवू नका. सुई किंवा टाचणी नको. दोन संपर्कांत अंतर अर्धा मिलीमीटर असतं.

पावसाळ्यात राजवाड्यावरून भिजून आलात आणि फोन ओला झाला, तर त्या रात्री लगेच चार्जिंगला लावू नका. ओलाव्यात ५ व्होल्ट आले की विजेच्या संपर्कांवरचा सोन्याचा मुलामा जातो, खालचं तांबं काळं-हिरवं पडतं, आणि मग मात्र पोर्ट बदलावाच लागतो. तोंड खाली करून हलकेच झटका, पंख्याखाली ठेवा. तांदळाच्या डब्यात पुरू नका, त्यातला पीठकण नेमका त्याच फटीत जाऊन बसतो.