कॉम्प्लेक्स बांधताय? आधी दुकानं ठरवा, गाळे मग

(जागामालक, बिल्डर आणि गाळ्यात पैसा गुंतवणाऱ्यांसाठी माहितीपत्रक)

विदर्भातल्या तालुक्याच्या गावात आता ‘मॉल’ म्हटलं की कोणी हसत नाही. बसस्थानकाजवळचं जुनं गोदाम पाडून, बंद पडलेल्या जिनिंगच्या जागेवर किंवा हायवेला लागून दोन-तीन मजली कॉम्प्लेक्स उभी राहतात. काचा लागतात, नाव इंग्रजी असतं, उद्घाटन धूमधडाक्यात होतं. दोन दिवाळ्या गेल्या की समोरचे चार गाळे सुरू आणि आत शटरच शटर. जागा मोक्याची, बांधकाम पक्कं, गावात पैसाही आहे, मग अडलं कुठे? आमच्या पाहण्यात बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतं: कोणत्या गाळ्यात कोणतं दुकान, हे कोणीच ठरवलेलं नसतं. ज्याने आधी डिपॉझिट दिलं, त्याने हवा तो कोपरा घेतला.

गाळे भरून देणं आणि पुढे कॉम्प्लेक्स सांभाळणं हे आमचं काम. त्यामुळे या पत्रकात आमचा स्वार्थ आहेच. पण यातलं बरंचसं मालकाला स्वतःही करता येतं.

नागपूरशी स्पर्धा करायची नाही

पहिला नकाशा आमच्यासमोर येतो तेव्हा त्यात बहुधा एक ब्रँडेड कपड्यांचं शोरूम, एक पिझ्झावाला आणि वरच्या मजल्यावर सिनेमाचे दोन छोटे पडदे असतात. नागपूरचा मॉल पाहून, तोच लहान करून काढलेला असतो तो.

विल्यम रायली या अमेरिकन अभ्यासकाने १९३१ साली एक आडाखा मांडला होता. दोन बाजारपेठांच्या मधल्या खेड्यांना प्रत्येक बाजारपेठेची जी ओढ लागते, ती त्या बाजारपेठेच्या गावाच्या लोकसंख्येबरोबर वाढते आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. हिंगणघाटचं उदाहरण घ्या. २०११ च्या जनगणनेनुसार हिंगणघाट सुमारे १ लाखाचं, नागपूर शहर २४ लाखांचं, मध्ये ७५ किलोमीटरच्या आसपास अंतर. गणित केलं तर नागपूरच्या दिशेने जेमतेम १२-१३ किलोमीटरपर्यंतची खेडी हिंगणघाटला राहतात, त्यापलीकडची नागपूरची. आडाखा जुना आहे, परदेशातला आहे, आणि तो कपडे, दागिने, फर्निचर अशा पाहून-तुलना करून घ्यायच्या वस्तूंना लागू पडतो. मीठ-मिरची, औषधगोळी यांना नाही. पण ढोबळ दिशा बरोबर दाखवतो. लग्नाचा बस्ता बांधायला माणूस नागपूर-अमरावतीला जाणार, आणि तुम्ही कितीही काच लावली तरी जाणार.

तुमच्या वाट्याला येतं ते दुसरं गिऱ्हाईक: महिन्याला लागणारं, परत-परत यावं लागणारं, ओळखीचं. साडीला फॉल लावायचा, मोबाइलची स्क्रीन बदलायची, चष्म्याचा नंबर काढायचा, लेकीच्या फॉर्मचं प्रिंट काढायचं, रिपोर्ट घ्यायचा. हे नागपूरवरून होत नाही आणि मोबाइलवर मागवूनही होत नाही. रेडिमेड कपडे आणि मोबाइल हँडसेट घरपोच यायला लागल्यापासून तर या कामांची किंमत वाढली आहे. आम्ही गाळ्यांची यादी करतो ती इथून सुरू होते.

वाट पाहायला लावणारी दुकानं

आमच्या मते तालुक्याच्या कॉम्प्लेक्सचा खरा जीव इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर.

बाजाराच्या दिवशी एखाद्या मॅचिंग सेंटरसमोर उभे राहून पाहा. बाई येते, पिशवीतून साडी काढते, पदराचं टोक काउंटरवर पसरते. दुकानदार अस्तराचे पाच-सहा तागे काढतो, ती एकेक रंग साडीवर धरून दाराशी उजेडात नेऊन पाहते. ट्यूबलाइटखाली रंग फसतो, हे तिला पक्कं ठाऊक असतं. रंग जमला की फॉल-पिकोला साडी देते. “तासाभराने या.” आता तिच्याजवळ एक तास आहे, हातात पिशवी आहे, सोबत जाऊबाई किंवा पोरगी आहे, आणि परतीच्या बसला अवकाश आहे.

हा तास कोणाच्या गल्ल्यात जाणार, हे तुमचा नकाशा ठरवतो. शेजारी बांगड्या-कटलरीचं दुकान, पुढे भांड्यांचं, त्यापुढे बसून चहा-आलूबोंडा खाता येईल असा गाळा असेल, तर तो तास तुमच्याच कॉम्प्लेक्समध्ये खर्च होतो. शेजारी टायरचं दुकान आणि बंद शटर असेल, तर ती बाई रस्ता ओलांडून जुन्या बाजारात जाते आणि साडी न्यायलाच परत येते.

म्हणून आम्ही दुकानांचे तीन प्रकार धरतो. एक, वाट पाहायला लावणारी: फॉल-पिको, टेलर, मोबाइल दुरुस्ती, दवाखाना, पॅथॉलॉजी, आपले सरकार सेवा केंद्र, घड्याळ-चष्म्याचं दुकान. दोन, वाट पाहताना पैसे खर्च करवणारी: बांगड्या, खेळणी, चप्पल, मिठाई, चहा-नाश्ता, रसवंती. तीन, झटपट काम करून निघून जायची: एटीएम, मेडिकल, रिचार्ज, झेरॉक्स. पहिला प्रकार आत आणि विखरून ठेवायचा, दुसरा त्याच्या वाटेवर, तिसरा रस्त्याच्या तोंडाशी. बहुतेक कॉम्प्लेक्समध्ये नेमकं उलटं असतं. दर्शनी गाळ्याचं भाडं परवडतं म्हणून दवाखाना पुढे आणि चहावाला जिन्याखाली.

पॅथॉलॉजी आणि टेलर यांचं भाडं कमी ठेवावं लागलं तरी ठेवा. ते गिऱ्हाईक आणत नाहीत असं दिसतं, पण गिऱ्हाईक थांबवून ठेवतात.

एक मोठं दुकान, आणि त्याचा शेजार

कॉम्प्लेक्सला एक ओढ लावणारं दुकान हवंच. शहरात ते सुपरमार्केट असतं. तालुक्यात ते मोठं किराणा, नावाजलेलं साडी सेंटर किंवा एखादी बँक असू शकते. असं दुकान चौरस फुटामागे कमी भाडं मागणार, आणि ते रास्त आहे, कारण त्याच्या जिवावर बाकीचे गाळे भरतात. मालक इथेच अडतात: “एवढी जागा घेतो आणि भाडं निम्मं देतो?” देऊ द्या. पण त्याला प्रवेशद्वाराशी बसवू नका. त्याला शेवटच्या टोकाला न्या, म्हणजे जाता-येता माणूस इतर गाळ्यांवरून जाईल.

दुसरा हट्ट असतो, “एका धंद्याचं एकच दुकान.” साडीवाल्याला दुसरा साडीवाला नको असतो आणि तो तशी अट घालू पाहतो. ही अट मान्य करू नका. अमेरिकेत १९५६ मध्ये साउथडेल हा पहिला पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला. तो उभारणाऱ्या डेटन कंपनीने आपला प्रतिस्पर्धी डोनाल्डसन यालाच त्याच छताखाली घेतलं. विदर्भात हे कोणाला शिकवायला नको, सराफा ओळीनेच बसतो. गिऱ्हाइकाला चार ठिकाणी भाव विचारायचा असतो, आणि तशी सोय जिथे आहे तिथेच तो येतो. साडीची तीन, चपलांची दोन, सोन्याची दोन दुकानं जवळजवळ चालतात. मेडिकल, झेरॉक्स, एटीएम मात्र एकेकच पुरे, तिथे भाव विचारत कोणी फिरत नाही.

पैसा कधी येतो

कॉम्प्लेक्सचं भाडं दर महिन्याला सारखं येतं, पण गिऱ्हाइकाचा पैसा येत नाही. पश्चिम विदर्भात सोयाबीन निघालं, कापसाचे पहिले चुकारे मिळाले की दसरा-दिवाळीपासून बाजार हलतो, तुरीपर्यंत टिकतो, लग्नसराईत पुन्हा उसळतो. जूनमध्ये सगळं बी-बियाणं-खतात जातं आणि कपड्याच्या दुकानात माश्या मारायची वेळ येते. वरूड-मोर्शीकडे संत्र्याचा आंबिया बहार हिवाळ्याच्या तोंडाशी आणि मृग बहार फेब्रुवारीनंतर पैसा आणतो. भंडारा-गोंदियाकडे धान, आणि जंगलपट्ट्यात उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची मजुरी. वणी-उमरेडच्या कोळसापट्ट्यात वेकोलिचा (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचा) पगार महिन्याच्या महिन्याला येतो, तिथला हिशोबच निराळा.

याचा दुकानांच्या निवडीशी थेट संबंध आहे. सगळेच गाळे दिवाळीवर जगणारे असतील तर पावसाळ्यात चार महिने कॉम्प्लेक्स ओस पडतं, आणि ओस पडलेल्या जागेत माणूस परत यायला धजत नाही. कृषी केंद्र, छत्री-रेनकोट, वह्या-पुस्तकं, शाळेचे गणवेश यांचा धंदा जून-जुलैतच असतो. हे दोन-तीन गाळे ठरवून घ्या.

विक्रीवर टक्का घेण्याची शहरी पद्धत तालुक्यात आम्ही सुचवत नाही. जिथे बिलच फाटत नाही तिथे टक्का कशाचा काढणार? त्यापेक्षा वर्षाचं भाडं ठरवून हप्ते कमी-जास्त ठेवा: जून ते सप्टेंबर हलके, ऑक्टोबर ते जानेवारी जड. नवा दुकानदार पहिल्या पावसाळ्यातच पळून जातो, तो या एका तरतुदीने टिकतो.

शेजार न जमणारे

कृषी केंद्र घ्या म्हटलं, पण खाण्याच्या गाळ्याशेजारी नको. कीटकनाशकं इतर मालापासून वेगळ्या खोलीत किंवा कुलूपबंद कपाटात ठेवायची, असं कीटकनाशक नियम, १९७१ सांगतात. वासाचं तर विचारूच नका. त्याला स्वतंत्र तोंडाचा, ट्रॅक्टर-बंडी लागेल असा बाजूचा गाळा द्या.

बार किंवा वाइन शॉप सर्वांत जास्त भाडं देऊ करतं. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी असल्याने तिथे प्रश्न मिटला. इतरत्र आमचं मत स्पष्ट आहे: त्या एका गाळ्याच्या भाड्यापायी संध्याकाळी बायका यायच्या थांबतात. पानठेला मात्र टाळता येणार नाही, नाही दिला तर तो फाटकाबाहेर आपोआप लागेल. त्याला पार्किंगच्या कडेला जागा द्या आणि खर्ऱ्याच्या (सुपारी-तंबाखूच्या) पिचकाऱ्यांसाठी भिंतीला फरशी लावा.

वरचा मजला, सावली, संडास

चैन म्हणून जिना चढणारं गिऱ्हाईक आपल्याकडे नाही. वर तेच ठेवा ज्यासाठी माणूस ठरवून येतो: दातांचा दवाखाना, क्लासेस, अभ्यासिका, ब्यूटी पार्लर, विमा-कर सल्लागार.

एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या घरात जातो आणि दुपारी बारा ते पाच रस्त्यावर चिटपाखरू नसतं. संपूर्ण एसीचा खर्च तालुक्याच्या भाड्यात निघत नाही. उंच छत, आरपार हवा, पश्चिमेच्या भिंतीला सावली, कूलर आणि थंड पाणी एवढं भागतं. दुकानांच्या वेळा उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि रात्री उशिरापर्यंत ठेवायचं सगळ्यांनी मिळून ठरवा. अर्धे उघडे, अर्धे बंद असं नको.

आणि बायकांसाठी स्वच्छ, पाणी असलेला संडास. नकाशात हा नेहमी एक गाळा वाढवण्यासाठी खाल्ला जातो. खेड्यातून सकाळी निघालेली बाई संडास नसेल तर पाणीही पीत नाही आणि काम उरकून पहिल्या गाडीने परत जाते. सगळी जुळवाजुळव एका दारापायी वाया जाते.

दरवाजावर गणवेशातला रखवालदार ठेवून रुबाब करायचा मोह होतो, तोही टाळा. मुंबईत १९९९ मध्ये क्रॉसरोड्स मॉल उघडला तेव्हा गर्दी आवरण्यासाठी सुरुवातीला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड असणाऱ्यांनाच फुकट प्रवेश होता. आपलं गिऱ्हाईक धोतर-टोपीतलं, पायाला वावरातली माती लागलेलं आहे. त्याला दारात कोणी अडवणार नाही, याची खात्री वाटली पाहिजे.

विकायचे की भाड्याने द्यायचे

बांधकामाचा पैसा उभा करायला बिल्डर गाळे विकतो. गुरुजी, डॉक्टर, नोकरदार ते गुंतवणूक म्हणून घेतात आणि भाव वाढायची वाट पाहत कुलूप लावतात. मग कोणत्या गाळ्यात काय यावं हे कोणाच्याच हातात राहत नाही. दिल्ली-गुरुग्रामकडचे सुरुवातीचे अनेक मॉल याच कारणाने रिकामे पडले. पूर्ण भाड्याने देणं परवडत नसेल तर निदान तळमजला आणि मोठ्या दुकानाची जागा हातात ठेवा. जे विकाल त्याच्या कागदात वापर कोणता, किती काळ बंद ठेवता येईल आणि देखभालीचा वाटा किती, हे लिहून घ्या.

भाडेकरार तोंडी ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. “११ महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला” हे इथे चालत नाही. दुकानाच्या भाड्यावर जीएसटी १८ टक्के. मालक जीएसटीत नोंदणीकृत नसला आणि भाडेकरू असला, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून तो कर भाडेकरूने भरायचा आहे. कंपोझिशनवाल्यांना (जीएसटीच्या छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या योजनेत असलेल्यांना) यातून पुढे सूट मिळाली. भाडं बोलतानाच हे स्पष्ट करून घ्या, नाहीतर पहिल्याच महिन्यात कुरबुर होते.

भेटीला येताना

मंजूर नकाशा (नसेल तर कच्चा चालेल), जागेचा सातबारा किंवा नझूलची कागदपत्रं, बाजाराचा दिवस कोणता, आणि आजूबाजूच्या कोणत्या गावांच्या बसा व काळीपिवळ्या कुठे थांबतात, एवढं घेऊन या. गाळ्यासाठी कोणाकडून टोकन घेतलं असेल तर तेही सांगा. घेतलं नसेल तर आमची भेट होईपर्यंत घेऊ नका. पहिल्या बैठकीचे आम्ही पैसे घेत नाही.